गावच्या कबड्डी लिलावात पहिली बोली कोपऱ्यावर लावा

सोयाबीन घरात आलं, कापसाची दुसरी वेचणी उरकली की आमच्या नेर तालुक्यात कबड्डीचे दिवस सुरू होतात. शेजारपाजारची दहा-बारा गावं मिळून सहा संघ करतात. प्रत्येक संघाला एक मालक असतो. कोणी ट्रॅक्टरवाला, कोणी कृषी केंद्रवाला, कोणी माजी सरपंच. मग एका रात्री मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात पोट्ट्यांची बोली लागते. पैशांची नाही, पॉइंटांची. मी गेली सहा वर्षं एका संघासाठी पोट्टे निवडतो आहे. त्याआधी चौदा वर्षं डावा कोपरा खेळलो, म्हणजे बचावाच्या रांगेत डाव्या टोकाला उभं राहून चढाईला आलेल्या रेडरचा घोटा धरायचं काम. उजव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही.

दिवाळीनंतर बाजूच्या गावचे दोन जण सकाळीच घरी आले. पहिल्यांदाच लिलावाला बसणार होते. म्हणाले, "काका, मालकानं यंदा आमालेच बसवलं बोलीले. पयले कोणाले घ्याव?"

मी म्हटलं, "पयले कोपरा घ्या. रेडर मंग पाहू."

दोघांची तोंडं पडली. त्यांच्या डोक्यात तालुक्यात गाजलेल्या एका रेडरचं नाव होतं आणि अर्धे पॉइंट त्याच्यावर घालायचे असं ठरवूनच ते आले होते. त्यांना जे दोन तास बसून सांगितलं, तेच इथं सगळ्यांसाठी लिहितो.

आधी आमचा हिशेब सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. प्रत्येक संघाला १०,००० पॉइंट आणि १२ खेळाडू घ्यायचे. त्यातले ७ मैदानात, ५ राखीव. मूळ बोली २०० पॉइंटांची. वजनगट ६० किलोचा. यादीत नव्वदच्या आसपास नावं असतात. चिठ्ठ्या डब्यात टाकून एकेक काढतात, त्यामुळे कोणाचं नाव कधी येईल हे कोणालाच माहीत नसतं. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

यादी हातात आली की घरी बसून पहिलं काम करा. एका वहीत चार रकाने पाडा : रेडर, कोपरा, कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहून त्याला मदत करणारा), अष्टपैलू. प्रत्येक नाव एका रकान्यात टाका. आमच्या मागच्या यादीत रेडर म्हणून नाव दिलेले निम्म्याहून जास्त निघाले. कोपरा म्हणून फक्त अकरा, आणि त्यातले ज्यांच्या भरवशावर सामना सोडता येईल असे तीन. सहा संघांना दोन-दोन म्हणजे बारा कोपरे लागतात. चांगले तीनच. माझं सगळं म्हणणं या एका आकड्यातून निघतं.

गावात प्रत्येक पोराला रेडच करायची असते. रेडर मध्यरेषा ओलांडून परत आला की शिट्ट्या वाजतात, माईकवर नाव घेतलं जातं. कोपऱ्याची बोटं मोडतात, कोपरं सोलतात, आणि त्याच्या तीन पकडींनी सामना फिरला तरी घरी जाताना लोक रेडरबद्दलच बोलतात. म्हणून कोपरे कमी तयार होतात. पहिल्या क्रमांकाचा रेडर आणि सहाव्या क्रमांकाचा रेडर यांच्यात एका सामन्याला दोन-तीन गुणांचा फरक पडतो. पहिला कोपरा आणि चौथा कोपरा यांच्यात फरक पडतो तो मात्र अख्ख्या सामन्याचा. जे कमी आहे आणि ज्याला पर्याय नाही, ते आधी घ्यायचं. रेडर उशिरासुद्धा मिळतो, कारण यादी रेडरांनीच भरलेली असते.

कोणता कोपरा, डावा की उजवा? इथं बहुतेक जण चुकतात. आपण डोळे झाकून डावा म्हणतो, कारण नावाजलेले बरेच कोपरे डावे आहेत. मीही डावाच होतो. पण आधी समोरच्यांचे रेडर मोजा. रेडर आपल्याकडे तोंड करून येतो, त्यामुळे तो त्याच्या डाव्या बाजूनं शिरला की आपली उजवी बाजू त्याच्यासमोर येते. यादीतले सगळ्यात चांगले दहा रेडर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा, कोणत्या बाजूनं शिरतो. दहांपैकी सात त्यांच्या डावीकडून येत असतील, तर तुमच्यासाठी उजवा कोपरा जास्त मोलाचा. हे लिलावाच्या आधी माहीत हवं, त्यासाठी नोव्हेंबरपासून सामने पाहत फिरावं लागतं. मी मोटारसायकलवर जातो आणि मैदानाच्या शेवटच्या रेषेच्या मागे, कोपऱ्याच्या बाजूला उभा राहतो. मंडपातल्या खुर्चीवरून पाय दिसत नाहीत.

आणि कोपरा ओळखायचा तो पायांवरून. तीन वर्षांपूर्वीचा एक पोरगा सांगतो. बाप दुसऱ्यांच्या बकऱ्या राखायचा, पोराचं वजन ५७ किलो, यादीत त्याचं नाव कोणी मोठ्यानं वाचलंही नव्हतं. मी त्याला लिलावाच्या तीन आठवडे आधी एका सामन्यात पाहिला. रेडर त्याच्या अंगावर आला तसा तो दोन पावलं मागे सरला, पण टाचा टेकल्या नाहीत. चवड्यांवर होता, गुडघे वाकलेले, हात मांड्यांपासून सुटे. रेडरनं पाय टाकून त्याला फसवायला पाहिलं. हलला नाही. पुन्हा पाय टाकला. तरी हलला नाही. मग रेडर कव्हरकडे वळला, त्याला हात लावायला झेपावला आणि परत फिरायला त्यानं अंग वळवलं. त्या क्षणी हा जमिनीलगत गेला. दोन्ही हातांनी घोटा धरला, पोटाशी ओढला, कपाळ पिंढरीला टेकवलं. रेडरनं त्याला मातीतून दोन हात फरपटत नेलं. डाव्या कोपराचं कातडं गेलं, पण कव्हर येऊन वरून पडेपर्यंत मूठ सुटली नाही. उठल्यावर त्यानं आपला हात पाहिला नाही. आधी कव्हरकडे पाहून मान हलवली.

त्या दिवशी मी वहीत लिहिलं : अकरा वेळा रेडर त्याच्या बाजूला आला, पाच वेळा त्यानं प्रयत्न केला, चार वेळा पकडला. वहीत हे तीन आकडे हवेतच. लोक फक्त पकडी मोजतात. मी आधी पाहतो की किती वेळा तो गप्प राहिला. जो कोपरा प्रत्येक रेडला झेप घेतो, तो दोन-तीन दिसायला भारी पकडी करतो आणि सात वेळा फुकट बाद होतो. असा उतावळा कोपरा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तो बाद झाला की त्याच्या बाजूचा कव्हर उघडा पडतो, आणि लोण चढायला, म्हणजे अख्खा संघ बाद व्हायला, तिथूनच सुरुवात होते.

त्या पोराला आम्ही १,९०० पॉइंटांना घेतला. एका संघमालकानं १,८००पर्यंत ओढलं, मग सोडलं, कारण त्याचे पॉइंट एका रेडरवर गेले होते.

कोपरा मिळाला की लगेच त्याच्या बाजूचा कव्हर पाहा. माझ्या दृष्टीनं हे दुसरं काम आहे आणि रेडरच्या आधीचं आहे. कोपरा घोटा धरतो, पण एकटा माणूस तीन-चार श्वासांपेक्षा जास्त वेळ रेडरला थांबवू शकत नाही. कव्हरनं वेळेवर ब्लॉक टाकला पाहिजे किंवा धडक मारून त्याला मैदानाबाहेर काढला पाहिजे. या दोघांना एकमेकांचा श्वास ओळखता यावा लागतो, म्हणून शक्यतो कव्हर कोपऱ्याच्याच गावचा घ्या. एकाच मैदानावर वर्षानुवर्षं खेळलेली, शाळेपासूनची जोडी असेल तर त्या कव्हरला त्याच्या लायकीपेक्षा तीनशे पॉइंट जास्त द्यायला मी तयार असतो. त्या बकरीवाल्या पोराच्या गावचा कव्हर यादीत साधा होता. आम्ही त्याला ७०० ला घेतला, आणि त्या जोडीनं तीन रात्रींत भल्याभल्यांना परत जाऊ दिलं नाही.

अडचणीच्या वेळी ही जोडी आणखी कामाला येते. आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना रेडर पकडला तर एक गुण जास्त मिळतो, सुपर टॅकलचे दोन गुण. म्हणजे तुम्ही मागे असता, माणसं कमी असतात, तेव्हा चांगल्या कोपऱ्याची किंमत दुप्पट होते. रेडरचं तसं होत नाही. समोर सात गडी असोत की चार, त्याला एका गड्याचा एकच गुण मिळतो.

प्रो कबड्डीकडे पाहा. २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाजनं रेडर पवन सेहरावतला २.२६ कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याचा मोसम संपला. दुखापतीत पवनचा काय दोष? पण एका माणसावर एवढं ओतलं आणि तो पहिल्याच दिवशी गेला, तर ओतलेलं सगळं बाकावर बसतं. पुढच्या लिलावात, २०२३ मध्ये, तेलुगू टायटन्सनं त्याच पवनला २.६०५ कोटी दिले आणि त्या मोसमात ते सगळ्यात खाली राहिले. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं इराणचा डावा कोपरा मोहम्मदरेझा शादलुई २.३५ कोटींना घेतला. १ मार्च २०२४ ला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद घेतलं. कर्णधार आपल्याच नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता. पुढच्या मोसमात शादलुई २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि विजेतेपदही हरियाणाकडे गेलं.

उलटं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. पाटणा पायरेट्स सलग तीनदा जिंकले, त्या तिन्ही मोसमांत प्रदीप नरवाल त्यांच्याकडे होता, आणि २०१७ मध्ये तर त्यानं एका मोसमात रेडमधून ३६९ गुण आणले. असा रेडर तुमच्या यादीत असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि त्याला घ्या. आमच्या तालुक्यात गेल्या सहा वर्षांत तसा एकही आलेला नाही. आपण मात्र दरवर्षी कोणाला तरी प्रदीप समजून बोली लावतो.

आता रेडर. दोन घ्या, एक डावीकडून शिरणारा, एक उजवीकडून. दोघेही एकाच बाजूचे घेतले तर समोरचा कोपरा रात्रभर एकच काम करत राहतो आणि त्याला ते जमायला लागतं. पहिल्या रेडरमध्ये मी एकच गोष्ट शोधतो. दोन रेड रिकाम्या गेल्यावर तिसरी करो या मरो रेड, म्हणजे गुण आणला नाही तर बादच, अशी रेड करायला तो स्वतः पुढे येतो का? सामना पाहताना त्या तिसऱ्या रेडच्या वेळी चेहरे पाहा. काही पोरं उगाच गुडघ्याची पट्टी नीट करायला खाली वाकतात.

बोनसवाला, म्हणजे समोरच्यांच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून गुण आणणारा पोरगा मात्र वेगळा घ्या. समोर सहा किंवा सात गडी असतानाच बोनस मिळतो, त्यामुळे सामन्याच्या सुरुवातीला आणि प्रत्येक लोणानंतर त्याचा उपयोग. लांब पायांचा, हलका, सोळा-सतरा वर्षांचा पोरगा चालतो. तो बहुधा मूळ बोलीत, २०० लाच मिळतो, कारण त्याला कोणी ओळखत नसतं.

दुसऱ्या कोपऱ्यासाठी १,००० पेक्षा जास्त जाऊ नका. अष्टपैलू दुसऱ्या बाजूच्या कव्हरला उभा करता येतो. असा धरला तर माझा आराखडा असा होतो : पहिला कोपरा २,५००पर्यंत, त्याचा कव्हर १,०००, पहिला रेडर २,२००, दुसरा रेडर १,३००, दुसरा कोपरा १,०००, अष्टपैलू ८००. हे झाले ८,८००. उरलेले सहा जण २०० प्रमाणे १,२००. त्या सहांत पहिला मान बोनसवाल्याचा, दुसरा राखीव कोपऱ्याचा. राखीव रेडर नसला तर कोणीही उठून रेड करतो. राखीव कोपरा नसला आणि तुमचा कोपरा पहिल्या रात्रीच बोट मोडून बसला, तर त्या जागेवर उभं राहायला कोणी तयार होत नाही.

बोली चालू असताना एक आकडा डोळ्यांसमोर हवाच. हातातले पॉइंट घ्या, अजून किती जागा भरायच्या ते पाहा, त्यातून एक वजा करा, उरलेल्या जागांना २०० नं गुणा आणि ते पॉइंटांतून कमी करा. तीन खेळाडू घेऊन ५,७०० गेले असतील तर हातात ४,३००, जागा नऊ. आठ गुणिले दोनशे म्हणजे १,६००. तुमची पुढची सगळ्यात मोठी बोली २,७००. माझ्या बाजूला भाचा बसतो आणि प्रत्येक वेळी "तीन वार" होऊन बोली पक्की झाली की सहाही संघांचा हा आकडा वहीत नवा लिहितो. समोरचा जास्तीत जास्त १,४००पर्यंतच जाऊ शकतो हे माहीत असलं की १,४१० वर खेळाडू आपला होतो. एका मालकानं हा हिशेब ठेवला नाही आणि शेवटी त्याच्याकडे नऊच गडी राहिले. तिघं त्याला दुसऱ्या संघांच्या मर्जीनं घ्यावे लागले.

दुसऱ्याचे पॉइंट संपावेत म्हणून नको असलेल्या खेळाडूवर बोली वाढवणारे पुष्कळ आहेत. मी हे करत नाही. जिथं थांबल्यावर तो खेळाडू माझ्या गळ्यात पडला तरी मला आनंदच होईल, तिथपर्यंतच मी जातो. माईकवर एखाद्या पोराचं नाव पुकारलं जातं तेव्हा त्याचा बाप, त्याचे दोस्त मागे उभे असतात. त्याला घेऊन बाकावर बसवायचं, तर त्याची एक थंडी वाया गेली.

वजनाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक रेडर २,६०० ला घेतला. लिलावात त्यानं वजन ६० सांगितलं, प्रत्यक्षात ६३ होतं. मी विचारलं नाही, पाहिलं नाही. पोरगा दोन दिवस जेवला नाही, दुपारच्या उन्हात स्वेटर घालून धावला, पाणीसुद्धा प्यायला नाही. संध्याकाळी धान्यवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ५९.८ भरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री तिसऱ्या रेडला मधल्या रेषेवर त्याच्या दोन्ही पिंढऱ्यांत गोळे आले आणि तो जागेवर पडला. ओसरीवर बायांमध्ये त्याची माय बसली होती. ती उठून मैदानात धावत आली, पायात चप्पल नव्हती. पोरगा सलाईन लावून दुसऱ्या दिवशी घरी गेला, पण त्या माउलीनं मला विचारलं, "भाऊ, तुमी त्याले जेवाले काऊन नाई सांगतलं?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून ज्यांच्यावर ८०० च्या वर बोली लावायची आहे, त्यांच्या घरी मी लिलावाच्या आठ दिवस आधी काटा घेऊन जातो. जेवण झाल्यावर वजन करतो. एक किलोपर्यंत जास्त असेल तर ठीक, तेवढं सरावात उतरतं. त्याहून जास्त असेल तर यादीतून नाव काढतो, मग तो कितीही मोठा रेडर असो.

घरी गेलं की दुसरीही गोष्ट कळते. सामन्यांच्या तिन्ही रात्री तो पोरगा मोकळा आहे का? त्या दिवसांत गहू-हरभऱ्याचं ओलीत चालू असतं आणि आमच्या फीडरवर शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते. रात्रीचा आठवडा आला आणि घरात बारे द्यायला दुसरं कोणी नसेल, तर तो पोरगा कबड्डीला येईल की हरभऱ्याला पाणी देईल? पाणीच देईल, आणि द्यायलाच पाहिजे. बापाला सरळ विचारा, "दादा, रातची पाळी कोनाची हाय?" मोठा भाऊ असेल तर काळजी नाही. पोलीस भरतीची तयारी करणारे, चाकणच्या कंपनीत लागलेले, घरात लग्न असलेले, सगळ्यांना हाच प्रश्न. पोलीस भरतीवाला पोरगा मिळाला तर मला बरं वाटतं. तो रोज पहाटे धावतोच, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्या भागातली शेवटची पाच मिनिटं त्याचा श्वास टिकतो.

मातीचं एक सांगतो, थोडक्यात. आमची जमीन काळी, ती तडकते, म्हणून मैदानावर चाळलेली माती टाकून पाणी मारावं लागतं. पहिल्या रात्री ती ओलसर असते, पाय रुततो, वेगानं वळणारा रेडर अर्धा होतो. तालुक्याला मॅटवर बूट घालून खेळणारा रेडर घेत असाल, तर त्याला एकदा अनवाणी खेळताना पाहा आणि मगच बोली लावा.

मला कोपऱ्याचं काम ज्या मास्तरांनी शिकवलं, ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी करून दाखवली होती, आणि मास्तर ते सांगताना उभे राहायचे. ते आम्हाला आठ-आठ दिवस रेड करू देत नसत. नुसतं चवड्यांवर उभं राहायचं, समोरचा पाय हलवेल तरी हलायचं नाही. त्या दोन पोरांना मी अंगणात तेच करून दाखवलं. एकाला रेडर केला, दुसऱ्याला कोपरा. कोपऱ्यावरचा पाचव्या झुकांडीला फसला. पुन्हा केलं, तेव्हा नवव्याला फसला.

लिलाव संपला की जेवणावळ सुरू होते, मालक फोटो काढतात. तुम्ही तेवढ्यात आपला कोपरा आणि कव्हर या दोघांना बाजूला घ्या आणि उद्या सकाळी साडेपाचला मैदानावर या म्हणून सांगा. रेडरना परवा बोलवा. पहिल्या सकाळी दोघांकडून एकच करून घ्या : एक घोटा धरतो, दुसरा येऊन पडतो, पन्नास वेळा. रेडर म्हणून तुम्ही स्वतः उभे राहा. दुसरा यायला उशीर करतो की घाई, ते तेव्हाच पायाला कळतं.